सराव पेपरची बजावणी

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या नाशिकच्या, इंदिरानगरातल्या घराची बेल वाजली तेव्हा मी अंथरुणातच होते आणि आई चहा गाळत होती. आईने दार उघडलं. पाठोपाठ एक खणखणीत सरकारी आवाज आत आला.

"वृषाली सुनील सोनवणे इथंच राहतात का?"

"मुलगी आहे माझी," आई म्हणाली. "आपण कोण?"

"रामदास पुंडलिक भामरे, बेलीफ, जिल्हा कोर्ट. त्यांना बोलवा. कागद त्यांच्याच हातात द्यायचाय."

आई गाळणं हातात घेऊनच माझ्या खोलीत आली. "वृषू, कोर्टाचा माणूस आलाय. काय करून ठेवलंस गं?" आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, हे ती नेहमी अभिमानाने सांगायची. तो अभिमान आता जिन्यावरून गडगडत खाली चालल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

मी केस बांधत बाहेर आले. दाराच्या जरा बाजूला, भिंतीला खेटून अण्णा, म्हणजे हेच रामदास भामरे, उभे होते. हातात खाकी पाकीट आणि एक जाड वही. "सराव पेपर क्रमांक एक," ते म्हणाले. "एकशे वीस प्रश्न, एकशे वीस मिनिटं. मिळाला म्हणून इथं सही करा. तारीख टाका, वेळ टाका. दहा वाजता माझ्या घरी हजर." मी मुकाट्याने सही केली. ती झाल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. आईकडे वळून म्हणाले, "ताई, चहाला आलं घातलंय वाटतं. वास लय भारी येतोय." मग ते आत आले, दोन कप चहा प्यायले आणि आईच्या जिवात जीव आला.

अण्णांची आणि माझी ओळख तेव्हा जेमतेम चार दिवसांची होती. विमा कंपनीतली फोनवर बोलायची नोकरी सोडून मी पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. वय सव्वीस. तयारी म्हणजे तीन जाडजूड पुस्तकं आणून त्यांतल्या ओळी पिवळ्या करणं. पंचवटीतल्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे, तिथे समोरच्या खुर्चीवर पांढरा हाफशर्ट घातलेले, खिशाला चार पेनं लावलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन बसत. मला वाटलं, मुलासाठी जागा धरून बसतात. चौथ्या दिवशी न राहवून मी विचारलं, "काका, तुमचा मुलगा येतो कधी?"

"मुलगा पुण्याला नोकरीला शे," ते म्हणाले. "परीक्षा माझी हे."

मी ओशाळले. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, किती सराव पेपर सोडवले? मी म्हटलं, आधी सगळं वाचून होऊ दे, मग सोडवीन. यावर ते इतके मोठ्याने हसले की अभ्यासिकेच्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या.

"दोन वर्षं मी तेच केलं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "वाचून झालं, परीक्षा झाली, नंबर नाय लागला. अहो, अठ्ठावीस वर्षं समन्स वाटतोय मी. कोर्टात आपल्यावर दावा लागलाय हे माणसाला महिनाभर आधी माहीत असतं. चहा पितो, लग्नाला जातो. कागद हातात पडला की त्या क्षणी जागा होतो. हे मला माझ्याच कामानं शिकवायला पाहिजे होतं. पत्ता सांगा तुमचा."

मी पत्ता दिला. त्याचं पुढे काय होणार, याची मला कल्पना नव्हती.

कोर्टाचे समन्स आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायच्या आणि तसा अहवाल कोर्टात लावायचा, हे बेलिफाचं काम. या देण्याला ते लोक बजावणी म्हणतात. अण्णांनी आमचे सराव पेपर बजावायला सुरुवात केली. आमचे म्हणजे माझे आणि हिराचे. हिरा गावीत ही मूळची सुरगाण्याकडची. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची आणि पेठ रोडला खोली घेऊन राहायची. मागच्या वर्षांचे पेपर ती दुकानातल्या मशीनवर छापायची, पाकिटात घालून चिकटवून अण्णांना द्यायची आणि त्यातलंच एक पाकीट दोन दिवसांनी सही करून परत घ्यायची. "आधीच बघून ठेवत नाहीस ना?" मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दिवसाला हजार कागद काढते मी. वाचत बसले तर मालक घरी पाठवील."

अण्णा राहायचे म्हसरूळला. पेपर सोडवायला आम्ही त्यांच्याच घरी जायचो. तरीही दर रविवारी पहाटे उठून, स्कूटर घेऊन ते आधी हिराकडे, मग पार इंदिरानगरला माझ्याकडे येत, पाकीट देत, सही घेत आणि परत जात. मी म्हटलं, दहाला मी तुमच्याकडे येणारच आहे, तिथेच द्या की. म्हणाले, "मग तुम्ही आल्या नसत्या."

हे किती खरं होतं ते तिसऱ्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या पेपरात सामान्यज्ञानाने माझी अशी काही फजिती केली होती की शनिवारी मी आईला घेऊन सरळ लासलगावला मावशीकडे पळाले. अण्णांना कळवलं नाही. रविवारी दुपारी परत आलो तर आमच्या दारावर पाकीट डकवलेलं. चारही कोपऱ्यांना डिंक, आणि खाली अहवाल: "आज रोजी सदर पत्त्यावर समक्ष गेलो असता दार बंद आढळले. शेजारी विचारपूस केली असता सदर इसम मावशीकडे लासलगावी गेल्याचे समजले. सबब दोन पंचांसमक्ष पेपर दारावर डकवला. पेपर पोहोचला असे समजण्यात यावे." पंच क्रमांक एक, समोरचे जोशीकाका. पंच क्रमांक दोन, दूधवाला. दोघांच्याही सह्या. तोपर्यंत अख्ख्या बिल्डिंगने तो कागद वाचला होता आणि वरच्या मजल्यावरच्या काकू आईला भेटायला येऊन हळूच विचारून गेल्या, सगळं ठीक ना? त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही.

अण्णांच्या सवयी सगळ्या दारांनी घडवलेल्या होत्या. बेल वाजवून ते कधी दारासमोर उभे राहत नसत, नेहमी बाजूला. "दार उघडल्या-उघडल्या माणसाला आधी उजेड दिसू द्यावा, आपलं तोंड नाय. निम्मा राग तिथंच उतरतो." ज्यांना समन्स द्यायचा त्यांना ते पाव्हणे म्हणत. कागद दिल्याशिवाय कोणाच्या घरचं पाणी पीत नसत, दिल्यावर मात्र आग्रह करायची गरज पडत नसे. बागलाण आणि देवळा तालुक्यातली गावं त्यांना कुत्र्यांवरून पाठ होती. अमक्या गावाची कुत्री शहाणी, तमक्या गावाची सरकारी नोकर ओळखतात. आणि नाव घ्यायचं ते कायम पूर्ण, बापाच्या नावासकट. मला ते एरवी वृषालीताई म्हणायचे, पण पेपर तपासून मार्क सांगताना मी वृषाली सुनील सोनवणेच असायचे.

या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी वकील कशाला व्हायचं होतं, हे त्यांनी चौथ्या रविवारी सांगितलं. पेपर झाला होता, अण्णांच्या पत्नी सुमनकाकू पोहे करत होत्या, आणि हिराने सहज विचारलं.

"देवळ्याच्या पुढं एक गाव हे," अण्णा म्हणाले. "तिथं एका म्हातारीला समन्स दिला. भावांनी जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. तिनं अंगठा दिला, कागद उलटा धरला अन् मला विचारलं, 'भाऊ, याच्यात काय लिव्हेल शे?' मी म्हटलं, अमुक तारखेला सटाण्याच्या कोर्टात हजर राहा. ती म्हणे, 'पण नाही गेलं तर काय व्हई?' आता काय होईल ते मला माहीत होतं. पण बेलिफानं सल्ला द्यायचा नसतो. माझं काम कागद द्यायचं. तिनं तो घडी करून पिठाच्या डब्यात ठेवला. माझ्यासमोर ठेवला. मी चहा प्यायलो अन् निघून आलो."

 काकूंनी आतून पोहे आणले, ते अण्णांनी तसेच बाजूला सरकवले.

"सहा-सात महिन्यांनी त्याच गावाला दुसरा कागद घेऊन गेलो. म्हातारी गेलीच नव्हती कोर्टात. निकाल लागून गेला होता, तिच्या माघारी. अठ्ठावीस वर्षं मी दारापर्यंत जातोय, हिराताई. एकदा वकील म्हणून आत जाऊन बसायचंय अन् कागद वाचून दाखवायचाय."

मी हे ऐकलं त्या दिवशी मला माझी स्वतःची परीक्षा फार किरकोळ वाटली. मी नोकरीला कंटाळून आले होते. अण्णांकडे कारण होतं. शिवाय हिशेब सरळ होता: निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि कोर्सही तीन वर्षांचा. खात्याची परवानगी त्यांनी काढून ठेवली होती. नाशिकमध्ये सकाळी भरणाऱ्या वर्गाला यंदा नंबर लागला तरच नोकरी सांभाळून शिकता येणार होतं. निवृत्तीनंतर दोघांनी नामपूरला गावी राहायला जायचं ठरलेलं, घराला रंगसुद्धा देऊन झालेला, आणि तिथून रोज कॉलेजला येणं होणार नव्हतं. यंदा नाही तर कधीच नाही.

काकूंचा या प्रकाराला विरोध होता आणि त्या तो लपवतही नसत. "तीन वरीसमा म्हतारा व्हई जाशात," असं त्या अण्णांना अहिराणीत माझ्यासमोर सांगत. पण यंदा शेवटचं, असं अण्णांनी कबूल केल्यामुळे त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं होतं. पेपरवर देखरेख. दोन तास त्या आमच्यासमोर पालेभाजी निवडत बसत, मोबाइलवर वेळ लावून. वेळ संपली की, "टाईम व्हयना. पेपर द्या," म्हणत आणि खरंच हातातून ओढून घेत. एकदा हिराचा शेवटचा गोल अर्धाच भरून झाला होता. काकूंनी तो तसाच नेला. त्या दोन तासांत त्यांना नवरा आणि आम्ही पोरी सारख्याच होत्या.

आणि इतकं सगळं असून अण्णांचे मार्क काही वर सरकत नव्हते. पहिल्या पेपरला चोपन्न. दुसऱ्याला सत्तावन्न. मग पंचावन्न, मग पुन्हा चोपन्न. नाशिकच्या सकाळच्या वर्गासाठी आम्ही आमच्या अंदाजाने ऐंशी धरले होते. मी सत्तरच्या पुढे होते, हिरा माझ्या मागोमाग. गंमत म्हणजे अण्णांचं इंग्रजी बरं होतं, सामान्यज्ञान तर आम्हा दोघींपेक्षा चांगलं. मार्क जायचे ते कायद्याच्या प्रश्नांत. सगळं आयुष्य कोर्टात घालवलेला माणूस कायद्यात नापास होत होता, आणि हे त्यांना इतकं लागायचं की तो विभाग तपासताना ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहत.

हे प्रश्न असे असतात की आधी एक नियम दिलेला असतो, मग एक छोटी हकिकत, आणि त्या नियमाप्रमाणे उत्तर द्यायचं असतं. उदाहरणार्थ, नियम असा की दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाऊल ठेवलं तर ते अतिक्रमण, हेतू काहीही असो. हकिकत अशी की 'अ'ची शेळी 'ब'च्या शेतात शिरली आणि 'अ' तिला धरायला आत गेला. त्याने अतिक्रमण केलं का? उत्तर, केलं. अण्णांचं उत्तर, नाही.

"शेळी धरायला गेलेल्या माणसावर कोण दावा लावतं?" ते म्हणाले. "अन् लावलाच तर अ अन् ब चुलतभाऊ असणार. खरं भांडण बांधाचं असणार. तिसऱ्या तारखेला मिटतं ते."

"पण अण्णा, प्रश्नात चुलतभाऊ कुठे लिहिलंय?"

"लिहीत नाय कोणी. असतंच."

सगळ्यात मोठं रणकंदन झालं ते पोस्टाच्या प्रश्नावरून. नियम होता: एखाद्याचा प्रस्ताव मान्य असल्याचं पत्र पोस्टात टाकलं की त्या क्षणी प्रस्ताव देणारा करारात बांधला गेला, मग पत्र वाटेत हरवलं तरी. अण्णांनी साफ नाकारलं. ते या प्रश्नापायी एक आठवडा झोपले नसावेत. कागद हातात पडल्याशिवाय तो पोहोचला असं म्हणायचं, म्हणजे त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणं होतं. "मी नाझरसाहेबांना असा अहवाल दिला तर?" ते विचारायचे. नाझर म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ. "म्हटलं, साहेब, समन्स घेऊन निघालो होतो, वाटेत पडला, पण पोहोचला समजा. घरी बसवतील मला." कोर्टात त्यांनी चार वकिलांना विचारलं. चौघांनी मिळून पाच उत्तरं दिली, असं त्यांचं म्हणणं.

पाचव्या रविवारी त्रेपन्न मार्क पडले.  अण्णांनी वही मिटली. "बस झालं," ते म्हणाले. "तुम्ही दोघी करा पुढं. मी पेपर आणून देत जाईन."

 हिरा पाकिटं गोळा करता करता म्हणाली, "अण्णा, एक विचारू? समन्स नेता तेव्हा दावा खरा का खोटा, ते बघता का तुम्ही?"

"छे. ते माझं काम नाय."

"एखादा दावा साफ खोटा हाय, हे कळलं तरी?"

"तरी. कागदावर जे लिहिलंय तेच अन् तसंच पोहोचवायचं. आपलं डोकं त्यात घालायचं नाय. डोकं घातलं की बेलीफ संपला."

"मग इथं का घालता?" हिराने पाचव्या पेपरातल्या नियमाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा नियम म्हणजे समन्स हाय असं धरा. कोणी काढला, बरोबर का चूक, शेळी कोणाची, ते बघायचं नाय. गुपचूप नेऊन हकिकतीच्या हातात द्यायचा. सही घ्यायची. पुढच्या दारी जायचं."

 अण्णांनी तो पेपर पुन्हा ओढला, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून कायद्याचे प्रश्न सोडवायला घेतले. वेळ लावलेली नव्हती, पण काकूंनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि मोबाइल हातात घेतला. अण्णा ओठांतल्या ओठांत बोलत होते, "दिला. सही घेतली. पुढं." प्रत्येक प्रश्नाला तेच. "दिला. सही घेतली. पुढं."  पोस्टाच्या प्रश्नासारखाच एक प्रश्न त्यातही होता. तिथे ते अडले, कळवळल्यासारखा चेहरा केला, डोळे मिटले आणि गोल भरला.

मी तपासलं. कायद्याच्या विभागात आधी जेवढे बरोबर होते त्याच्या दुप्पट झाले होते. मी आकडा सांगितला तेव्हा हिराने टाळी वाजवली आणि अण्णा उठून गॅलरीत गेले. या वेळी ते तिथून खाली कोणाला तरी हाका मारून, काही कारण नसताना, "काय पाव्हणं, बरं हे ना?" असं विचारत होते.

पुढचे आठवडे म्हणजे नुसती धमाल होती. सहावा पेपर एकाहत्तर. सातवा अठ्ठ्याहत्तर. आठव्याला मी मार्कांची बेरीज तीनदा केली आणि तीनदा त्र्याऐंशीच आली. काकूंनी तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि फर्मान काढलं की आता रविवारबरोबर गुरुवारीही पेपर होईल. विरोधी पक्ष एका दुपारीत सरकारात आला. गुरुवारी मी बाहेर असायचे म्हणून माझा पेपर आईच्या हाती द्यावा का, असं अण्णांनी गंभीरपणे विचारलं आणि घरातल्या सज्ञान व्यक्तीला दिला तरी चालतो असा स्वतःच निर्णय दिला. आई तोपर्यंत इतकी सरावली होती की बेल वाजली की पेन घेऊनच दार उघडायची.

एक अडचण शेवटच्या पंधरवड्यात निघाली. खरी परीक्षा संगणकावर होती आणि आम्ही सगळे पेपर कागदावर सोडवलेले. सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही बसलो. अण्णांना माउस धरता येत होता, तो प्रश्न नव्हता. उत्तर दिलं की पडद्याच्या उजव्या बाजूला त्या प्रश्नाचा चौकोन हिरवा व्हायचा. अण्णा उत्तर द्यायचे, मग तो चौकोन शोधायचे, हिरवा झाला का बघायचे, मग पुढच्या प्रश्नावर जायचे, आणि तिथून पुन्हा मागचा अजून हिरवा आहे ना ते बघायचे. "पोहोचलं का?" असं ते दर वेळी मला विचारायचे. दोन तासांत पंचवीस प्रश्न राहिले. हिराने समजावलं, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी काकू स्वतः सायबर कॅफेत आल्या, शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि पडद्याची उजवी बाजू त्यांनी वहीने झाकून धरली. पूर्ण दोन तास. हात दुखला की हात बदलायच्या. कॅफेवाला हे सगळं बघून इतका गहिवरला की त्याने आम्हाला सरबत पाजलं. त्या दिवशी अण्णांचे सगळे प्रश्न सोडवून सहा मिनिटं उरली.

परीक्षेला आम्हा तिघांना आडगावच्या बाजूचं एकच केंद्र आलं. मी बाहेर पडले, पाठोपाठ हिरा. अण्णा सगळ्यात शेवटी आले, चेहऱ्यावरून काही कळेना. जवळ येऊन म्हणाले, "पोष्टाचा प्रश्न आला होता."

मी विचारलं, "मग?"

"पोष्टात टाकलं, संपलं," ते म्हणाले आणि असे हसले की केंद्रावरचे पोलीसही वळून बघायला लागले.

निकाल चांगला लागला, पण एवढ्याने भागणार नव्हतं. प्रवेशाच्या पहिल्या यादीत माझं नाव पुण्याला लागलं, हिराचं नाशिकलाच. अण्णांचं नाव नव्हतं. ते अभिनंदन करायला माझ्या घरी पेढे घेऊन आले, नेहमीसारखे दाराच्या बाजूला उभे राहिले, पण चहा अर्धाच प्यायले. मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्यासारखी पळपुटी मुलगी त्यांच्यामुळे पुढे गेली होती आणि ते मागे राहत होते.

दुसरी यादी लागली ती एका संध्याकाळी, आणि ती हिराच्या दुकानातल्या संगणकावर बघायची ठरली. अण्णा आत आलेच नाहीत. फुटपाथवर स्कूटरजवळ, दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. काकूंचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता आणि ते उचलत नव्हते. हिराने त्यांचा नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा आम्ही दोघींनी ते दोनदा वाचलं, एकमेकींकडे बघितलं, आणि हिरा काउंटरवर चढायचीच बाकी राहिली.

"अण्णा, लागलं," ती ओरडली. "सकाळचा वर्ग. नाशिक."

अण्णा वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "कागद निघतो का त्याचा?"

"निघतो."

"काढ."

कागद मशीनमधून निघाला. तो हातात घेऊन अण्णांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, खालच्या बारीक सूचनासुद्धा. कोर्टासमोरची गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती. "एवढे कागद नेले," ते म्हणाले, "माझ्या नावाचा पहिल्यांदा बघतोय." मला रडू फुटलं, आणि मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग अण्णांनी काकूंना फोन लावला आणि अहिराणीत इतक्या भरभर बोलले की मला एक अक्षर कळलं नाही.

मी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी त्यांचं कॉलेज सुरू झालं. हिराचं कॉलेज दुसरं होतं, पण मी मुद्दाम सकाळी सातला गेले. अण्णा काकूंना स्कूटरवर मागे बसवून आले. नवे बूट, नवी पाठीवरची बॅग, खिशाला पेन आज एकच. फाटकाशी येऊन थांबले. आतून विशी-बाविशीची पोरं मोबाइल बघत वर चालली होती.

"वृषालीताई," ते हळूच म्हणाले, "पोरं लय लहान हेत हो." मग बॅगेचा पट्टा सारखा करत म्हणाले, "आज पहिलाच दिवस. शिकवणार तर काय? उद्यापासून आलो तर?"

हजारो अनोळखी दारं वाजवलेला हा माणूस एका उघड्या फाटकापाशी घाबरून उभा होता.  काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चक्क ढकललं. "उद्या काय? जा."

ते गेले. पायऱ्यांवर दोन मुलं पटकन बाजूला झाली, "गुड मॉर्निंग, सर," म्हणाली. अण्णा थांबून त्यांना काहीतरी म्हणाले. मुलं आधी बघत राहिली, मग हसली, आणि त्यातल्या एकाने आपल्या मोबाइलवर त्यांना वर्गाची खोली दाखवली. तिघं मिळून वर गेले. वळणावर अण्णांची बॅग तेवढी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. त्यानंतर आमचं बोलणं होतं ते फोनवर. समोरासमोर भेट अजून झालेली नाही.

काकू जायला तयार नव्हत्या. फाटकाशी तशाच उभ्या राहिल्या, वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत. वॉचमन जवळ आला. "मुलाला सोडायला आलात का, मावशी?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"नही रे भो," त्या म्हणाल्या. "मना मालक आज कालेजमा गया."